ट्रकचं मेण

विश्रांतवाडीला खोली बघायला आम्ही गेलो तेव्हा घरमालकीणबाई ट्रकखाली होत्या. अंगणात ट्रक उभा, पुढच्या चाकामागून दोन पाय बाहेर आलेले आणि पायांशी रॉकेलची बाटली. आमच्या ह्यांनी आधी रीतीप्रमाणे घराच्या दाराकडे तोंड करून "कुणी आहे का घरात?" असं विचारलं. उत्तर ट्रकखालून आलं.

"घरात कुणी नाही. मी इथे आहे. बोला."

आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. पायांशी कसं बोलायचं हे दोघांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं. ह्यांनी पायांना नमस्कार केला आणि नाव, गाव, कारखान्यातली नोकरी असं सगळं एका दमात सांगून टाकलं. मग खालून प्रश्न यायला लागले. भिंतीत खिळे मारता का? नाही. गाणंबजावणं? नाही. ओले कपडे खोलीत वाळत घालता का? ह्यांनी इथेही 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं, पण मी मध्येच बोलले, "पावसाळ्यात घालावेच लागतात. नाहीतर नेसायचं काय?"



"खरं बोलता. राहा," असं उत्तर आलं आणि पायांच्या शेजारून एक हात बाहेर येऊन किल्ली ठेवून आत गेला. किल्ली इतकी बुळबुळीत होती की ती ह्यांच्या हातातून दोनदा निसटली. त्या घरात पुढे आम्ही बरीच वर्षं काढली, आणि तिथली प्रत्येक वस्तू थोडीफार तशीच होती.

बाईंचं तोंड पाहिलं ते सामान घेऊन आलो त्या दिवशी. पन्नाशीच्या, काटकुळ्या, नऊवारी नेसणाऱ्या. नऊवारीचा काष्टा पहिल्यांदा कुणी घातला मला माहीत नाही, पण त्याचा इतका रास्त उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. कपाळ मोकळं. चष्म्याच्या काड्यांना मागून नाडी बांधलेली. उताणं झोपल्यावर चष्मा कपाळावर चढतो, नाडी असली की चढत नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी आपण होऊन सांगितलं. मला त्या माहितीचा तेव्हा काही उपयोग नव्हता.

ट्रक बाईंच्या यजमानांनी लष्कराच्या लिलावात घेतला होता. महायुद्ध संपलं, तेव्हा डेपोंमधून अशा गाड्या ओळीनं विकायला निघाल्या होत्या. ट्रकचा खालचा लोखंडी सांगाडा, ज्याला सगळे चासी म्हणतात, त्याच्यावर पिवळट तपकिरी मेणाचा जाड थर होता. बोटीतून येताना खारी हवा लोखंडाला बाधू नये म्हणून तो तिकडेच लावलेला. बाकीच्या घेणाऱ्यांनी आपापल्या गाड्यांचं मेण खरवडून काढलं आणि ऑइलपेंट मारला. यजमान म्हणाले, साहेबानं लावलंय म्हणजे त्यात काहीतरी असणार. पुढे साहेब गेला, त्याचं मेण राहिलं. तेही झिजलं तेव्हा यजमानांनी मधमाश्यांचं मेण, राळ आणि अळशीचं तेल एकत्र शिजवून तसलंच मेण घरी तयार केलं. मग एका पावसाळ्यात यजमान काविळीनं गेले. मूलबाळ नव्हतं. मागे बाई राहिल्या, ट्रक राहिला आणि मेणाची कृती राहिली.

ट्रक चालवायचे यासीनभाई. ते यजमानांचे मित्र, भवानी पेठेतले. पिढ्यान् पिढ्या पुण्यात काढल्यामुळे त्यांचं मराठी आमच्या ह्यांच्यापेक्षा स्वच्छ होतं. कधी विटा, कधी गूळ, कधी कांदा घेऊन ते जात आणि परत आले की बाई आधी ट्रकच्या पोटाखाली डोकावत आणि मग त्यांची चौकशी करत. ट्रकचे कागद मात्र दिरांच्या नावावर होते. दीर बाईंपेक्षा लहान, जवळच्याच एका गावचे, शेतीवाले. यजमान गेल्यावर भावकीनं बसून ठरवलं होतं की बाईमाणसाच्या नावावर ट्रक बरा दिसत नाही. बरं दिसण्याची काळजी वाहणारी माणसं त्या घराण्यात पुष्कळ होती.

दरवर्षी पाऊस सरला आणि नवरात्र आलं की आसपासच्या घरांत घट बसत आणि आमच्या अंगणात बंब बसे. बंबातलं उकळतं पाणी, त्यात धुण्याचा सोडा. गोणपाटं त्या पाण्यात बुडवून बाई चासीच्या दांड्यांना गुंडाळत. दुखऱ्या पायाला शेक द्यावा तशी. जुनं मेण मऊ पडलं की लाकडी उलथन्यानं ते काढायचं. लोखंडी उलथनं नाही, कारण लोखंडानं रंगाला चरे पडतात. मग रॉकेलचा बोळा. मग ऊन. ट्रक दोन-तीन दिवस नुसता उघडा उभा राही आणि यासीनभाई बिनकामाचे ओट्यावर बसून राहत. माल पाठवणारे लोक येऊन ओरडून जात. बाई त्यांना शांतपणे सांगत, "आज तिची आंघोळ झालीय. अजून केस ओले आहेत."

सगळं खडखडीत वाळलं की नवं मेण. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान पातेलं, लहान पातेल्यात मेण. हे आमच्या दोघींच्या सामाईक स्वयंपाकघरात चाले, त्यामुळे नवरात्रातल्या आमच्या साबुदाण्याच्या खिचडीला राळेचा वास असे. ह्यांनी एकदा त्याबद्दल तक्रार केली. बाई म्हणाल्या, "पोटालाही चांगलं असतं ते." तसं काही नसावं, पण ह्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

दर वर्षी जुनं काढायचंच कशाला, वरून एक हात मारला तर चालणार नाही का, असं मी एकदा विचारलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या माहेरच्या संस्कारांची शंका आली.

"वरून मारलं की दिसायला छान दिसतं," त्या म्हणाल्या. "आत काय चाललंय ते कुणाला कळणार? वरून मारणारे पुष्कळ आहेत गावात. त्यांच्या गाड्या घाटात उभ्या असतात."

बाईंची खरी मिजास होती ती ह्यात. पुण्यात ह्याच्यासारखी चासी नाही, असं गॅरेजवाले म्हणत आणि बाई ते नाकारत नसत. गंजाचा शब्दही त्यांना चालत नसे. दरवर्षी गाडी तपासायला न्यावी लागे, तिथल्या एका नव्या साहेबानं यासीनभाईंना "गंज वगैरे?" असं सहज विचारलं होतं. हे कानावर आल्यावर बाई स्वतः रिक्षा करून त्या कचेरीत गेल्या, साहेबाला हात धरून अंगणात आणला आणि ट्रकखाली झोपवला. साहेब बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या पाठीवर मेण होतं. बाईंनी त्याला सरबत दिलं आणि शर्ट कसा धुवायचा तेही सांगितलं.

बाईंचं सगळं शहाणपण ट्रकखालून आलेलं होतं. "ओल्यावर लावू नये" हे त्यातलं मुख्य. एकदा सकाळी माझं आणि ह्यांचं कडाक्याचं भांडण झालं. मधली भिंत एकच असल्यामुळे बाईंनी ते व्यवस्थित ऐकलं होतं. संध्याकाळी हे गजरा घेऊन आले. बाई अंगणातच होत्या. गजऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ओल्यावर लावताय." ह्यांना वाटलं, गजरा ओला आहे, त्यांनी तो दारातच चांगला झटकला, आणि उरलेली फुलं माझ्या हातात दिली. भांडण पुढे आठवडाभर चाललं.

दिवाळीला खोलीला चुना लावायचं काढलं तेव्हा बाई म्हणाल्या, आधी जुना खरवडा. आम्ही खरवडायला घेतलं, तर निम्म्या भिंतीचा गिलावा जमिनीवर आला. बाई दारात उभं राहून ते बघत होत्या. "ह्याच्यावर तुम्ही चुना लावणार होतात," त्या म्हणाल्या. भिंत त्यांचीच होती, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावं असं मला फार वाटलं होतं.

पण हेच वाक्य एकदा वेगळं ऐकलं. शेजारच्या गल्लीत एका घरचा कर्ता मुलगा गेला. बायका घोळक्यानं भेटायला निघाल्या, मीही पदर खोचला. बाईंनी मला थांबवलं. "आत्ता जाऊन काय बोलशील? ओलं आहे ते. वाळू दे." मला राग आला. किती कोरडी बाई आहे, असं मी ह्यांना म्हणालेही. मग तेरावा झाला, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली, सगळे आपापल्या उद्योगाला लागले, आणि त्यानंतर रोज दुपारी बाई त्या मुलाच्या आईपाशी जाऊन बसायला लागल्या. बोलत काही नसत. दोघी मिळून शेंगा सोलत. ते कितीतरी दिवस चाललं. बाई मला आवडायला लागल्या त्या तेव्हापासून.

माझ्या सासूबाई वाईहून आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. सासूबाई जुन्या पद्धतीचं कुंकू लावत. आधी कपाळावर मेणाचा बारीक ठिपका, तो बोटानं गोल करायचा आणि वर पिंजर दाबायची. मेण नसेल तर पिंजर नाकावर गळते. नेमकी त्यांची मेणाची डबी वाईला राहिली. सकाळी आंघोळ करून त्या कपाळ उघडं टाकून बसल्या आणि मेण मिळेपर्यंत चहासुद्धा घेणार नाही म्हणाल्या. मी बाईंकडे गेले.

बाईंनी वाटीत थोडं मेण काढलं, आणि मग त्या थांबल्या. वाटी त्यांनी माझ्या हातात दिली नाही. उंबऱ्यावर ठेवली.

"तुमच्या सासूबाईंना सांगा, हे ट्रकचं मेण आहे," त्या म्हणाल्या. "ट्रकला सवाष्ण-विधवा असं काही नसतं."

मी वाटी उचलली. उंबऱ्यावर ठेवायची त्यांना काही गरज नव्हती, आणि ठेवली म्हणून मला त्यांचाच राग आला. खरं तर तो दुसऱ्या कुणाचा तरी यायला हवा होता, पण ते दुसरे कोण हे सापडत नसलं की माणूस जवळच्यावर रागावतो.

सासूबाईंचं कुंकू त्या दिवशी सरळ बसलं. दुपारी झोपून उठल्या, कुंकू जागेवर. संध्याकाळी घामाघूम होऊन देवळातून आल्या, कुंकू जागेवर. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून न्हाल्या, शिकेकाई झाली, डाळीचं पीठ झालं, कुंकू जागेवर. तिसऱ्या दिवशी सासूबाई घाबरल्या. शेवटी बाईंना बोलवावं लागलं. बाईंनी चष्म्याची नाडी घट्ट केली, सासूबाईंचं कपाळ उजेडाकडे वळवलं, नख लावून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. मग रॉकेलचा बोळा फिरवला. "तीनच दिवस झाले, तेही ट्रकखाली नाही, म्हणून लवकर निघालं," असं काहीतरी त्या म्हणाल्या. सासूबाई वाईला गेल्या त्या एसटीत कुणी त्यांच्याजवळ बिडी पेटवली नाही. पण पुढच्या खेपेला वाईहून कुणी आलं की त्याच्याबरोबर सासूबाईंची रिकामी डबी येई. मेण ट्रकचं आहे, हे त्यांनी वाईत कुणाला सांगितलं नव्हतं.

आता एका नवरात्राचं. यासीनभाईंचा हात मुरगळला होता आणि मेण गार होण्याआधी खाली कुणीतरी पातेलं सरकवत राहायला हवं होतं. बाई म्हणाल्या, "जुनं लुगडं नेस आणि खाली ये." मी पाचवारीवर गेले आणि पस्तावले. ट्रकखालचं जग मी तोवर पाहिलेलं नव्हतं. डोक्यावर दोन लांब काळे दांडे, ऊन लागून कोरडे ठणठणीत झालेले, एवढे नितळ की भीती वाटावी. मी सहज बोट लावलं.

"बोट लावलंस," बाई म्हणाल्या. "पूस ते. घाम राहतो. लोखंडाच्या आणि मेणाच्या मध्ये काही म्हणजे काही राहता कामा नये."

मी पुसलं. त्यांनी पुन्हा पुसलं. बाहेर यासीनभाई खोकले आणि नळावर हात धुवायला म्हणून निघून गेले. हात मुरगळलेला, त्याला पट्टी, तरी धुवायला गेले, ह्याचं मला नवल वाटलं.

बाईंनी कनवटीची गाठ सोडली आणि एक लाकडी करंडा काढला. उजवीकडच्या दांड्यावर, बरोबर ड्रायव्हरच्या बैठकीखाली, जिथे आधी यजमान बसत, तिथे त्यांनी करंड्यातलं कुंकू बोटांनी दाबून लावलं. थोडंथोडकं नाही, चांगलं तळहाताएवढं.

"हे काय?" मी विचारलं.

"प्रायमर."

"प्रायमर?"

"प्रायमर लाल असतो. कुणालाही विचार."

मी कुणाला विचारणार होते? आम्ही दोघी उताण्या, आणि वर ते लाल.

"माणसाला आधी मेण लावतात, वर कुंकू," त्या ब्रश मेणात बुडवत म्हणाल्या. "ट्रकला उलटं. आधी कुंकू, वर मेण."

"उलटं का?"

"माणसाचं दिसावं म्हणून असतं." त्यांनी ब्रश फिरवला. लाल रंग आधी गडद झाला, मग दुसऱ्या हातात तपकिरी झाला, मग नुसता दांडा दिसायला लागला. "दसऱ्याला गाडी गावी जाते. जाऊबाई पूजा करतात. सवाष्ण आहेत, त्याच करणार. बॉनेटवर कुंकू लावतात, हार घालतात. परत येईपर्यंत धुळीनं सगळं जातं." ह्यात तक्रार नव्हती. पाऊस कुठे किती पडला ते सांगावं, तसं त्या सांगत होत्या.

मला रडू आलं. उताणं झोपून रडलं की पाणी कानात जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

"थेंब उडवू नकोस इकडे," बाई म्हणाल्या. "अजून शेवटचा हात राहिलाय."

त्यानंतरच्या हिवाळ्यात दीर गिऱ्हाइकाची बातमी घेऊन आले. दीर वाईट माणूस नव्हते. यजमानांच्या लग्नात ते शाळकरी होते आणि त्यांना विहिरीत पोहायला बाईंनीच पाठवलं नसतं तर ते आजही कोरडे राहिले असते, असं ते स्वतः सांगत. पण गावातल्या एका लग्नाच्या पंगतीत त्यांना कुणीतरी विचारलं होतं, की काय पाटील, तुमच्या वैनी गाडीखाली आडव्या पडलेल्या असत्यात म्हणं? पंगत हसली होती. दीर तेव्हापासून नीट जेवले नव्हते.

"वैनी, गाडी काढू या आता," ओट्यावर बसून ते म्हणाले.

"कुठे जायचंय?"

"जायचं न्हाई. इकायची म्हनतो मी."

बाई तांदूळ निवडत होत्या. "गाडी तुमच्या नावावर आहे."

"नावाचं काय घेऊन बसलाय? तुमी बी चला गावाकडं. ह्यो पसारा कशापायी? मोठ्या घरात तुमच्यापुरती खोली हाय, ऊन येतं, समदं हाय."

"तिथे मी काय करू?"

दिरांनी खरंच विचार केला. "काय करायचं? बसायचं."

हे मला बाईंनीच नंतर सांगितलं. "बसायचं म्हणाले," एवढंच दोन-तीनदा म्हणाल्या. त्या आठवड्यात त्यांच्या चुलीवरून फोडणीचा वास आला नाही. मी ताट नेऊन दिलं की ते त्या घेत आणि झाकून ठेवत. ट्रक गेला तर त्यांच्याजवळ काय उरणार होतं हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, आणि आम्ही भाडेकरू होतो. ह्यांनी दिरांशी बोलून पाहतो म्हणून दोनदा चपला घातल्या आणि दोन्ही वेळा काढल्या.

यासीनभाई बोलले. "वहिनी, मी इंजिनमध्ये काहीतरी करून ठेवतो. सुरूच होणार नाही. कोण घेईल?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तिला खोटं बोलायला लावायचं नाही."

"मग तुम्ही सांगा भावजींना, नको म्हणून."

"नको कशाला, ते विचारतील. मग काय सांगू?"

यासीनभाईंनी मान खाली घातली. मला वाटतं, नळावर हात धुवायला ते कशासाठी जातात हे बाईंना ठाऊक होतं आणि बाईंना ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

गिऱ्हाईक चाकणकडचं होतं. भक्कम माणूस, बोटात अंगठ्या, खिशात चाकू. त्यानं इंजिन ऐकलं, चाकांना लाथा मारल्या, हौद्याच्या फळ्या ठोकल्या. सगळं पसंत पडत होतं. दीर आनंदानं घाम पुसत होते आणि मधूनच बाईंकडे बघून तो आनंद आवरत होते. त्यांनी पिशवीत नारळ आणलेला होता. बाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे, हातात चहाच्या कपांचा ट्रे.

"चासीचं लई नाव ऐकलंय," गिऱ्हाईक म्हणालं. "तेवढी बघतो, मग फोडा नारळ."

तो खाली गेला. उजवीकडून. चाकूनं मेण खरवडल्याचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू येत होता. बाई हलल्या नाहीत. मी एवढंच बघितलं की त्यांचा हात कनवटीवर गेला आणि तिथेच राहिला.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चाकूच्या पात्याला तपकिरी मेण होतं आणि त्यात लालच लाल.

"पाटील," तो म्हणाला, "ह्यो तर गंज हाय की ओ."

"गंज?" यासीनभाई ओरडलेच. "ह्या गाडीला? अहो, तुम्ही डोळे—"

"यासीनभाई," बाई म्हणाल्या, "कप द्या सगळ्यांना."

यासीनभाई माझ्या हातातल्या ट्रेपाशी आले आणि एकही कप न उचलता उभे राहिले.

"हातभर तरी असंल," गिऱ्हाईक सांगत होतं. "भुकटी पडतीया नुसती. आनि वरनं मेन फासून ठेवलंय झ्याक. बाई, लोक असंच करत्यात. आत कुजलेलं, वरनं झाकलेलं."

मी बाईंकडे बघू शकले नाही. ज्या बाईनं सरकारी साहेबाला हात धरून ह्याच ट्रकखाली झोपवलं, तिला तिच्याच अंगणात हा माणूस हे सांगत होता. तिनं एक शब्द काढला असता तर त्याला तोंड लपवायला जागा उरली नसती. तो शब्द काढला असता तर मग बाकीचंही सगळं भावकीसमोर मांडावं लागलं असतं, ट्रकही गेला असता.

"असेल," बाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त तो शब्द झाल्यावर त्यांनी दाराची चौकट धरली.

दिरांना पटेना. त्यांच्या भावाच्या गाडीला गंज, आणि तोही वैनी असताना? ते पांढऱ्या धोतरासकट ट्रकखाली गेले. आयुष्यात पहिल्यांदाच गेले असावेत, कारण डोकं आपटल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा पाठीला मेण लागलेलं होतं, टोपी हातात होती आणि उजव्या हाताचं बोट लाल. त्यांनी ते अंगठ्यावर चोळलं. नाकाशी नेलं. मग त्यांनी बाईंच्या कपाळाकडे पाहिलं आणि लगेच नजर जमिनीवर घेतली.

"काय म्हनता पाटील?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"गंजच हाय," दीर म्हणाले.

गिऱ्हाईक चहा न घेता गेलं. ही बातमी चाकणपर्यंत नक्की पोचणार होती आणि तिथून पुढेही, आणि बाईंना ते कळत होतं. दीर ओट्यावर बसले. मी दिलेला कप त्यांनी डाव्या हातात घेतला. उजवा हात मांडीवर मुठीत मिटलेला होता. नारळ पिशवीतच राहिला. चहा संपला. मग ते उठले, वहाणा घातल्या आणि ट्रककडे बघत उभे राहिले.

"वैनी."

"बोला, भावजी."

"लई चढू देऊ नका त्यो."

"दर नवरात्रात खरवडून काढते," बाई म्हणाल्या. "पुन्हा चढतो."